अत्तर सोडलेले चाचा

पंचवीस नोव्हेंबर. काम: थंडीआधी मधपेटीला गोणपाट गुंडाळणे. हे काम निघालं की शेजारच्या चाचांबद्दल बोलल्याशिवाय माझ्याने राहवत नाही, कारण माणसांपेक्षा मधमाशांची अदब जास्त राखणारा त्यांच्यासारखा माणूस आमच्या अख्ख्या पाली गावात झाला नाही. जन्मभर ट्रकची इंजिनं खोलली, त्या आवाजात एक कान गेला, आणि म्हातारपणी त्यांनी मधमाशा पाळल्या. परसात शिरणाऱ्या प्रत्येकाची ते पेट्यांशी ओळख करून देत. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसालाही त्यांनी चपला काढून उभं केलं होतं. आम्हा जावाजावांची कुरबूर सुरू झाली की कुंपणावरून हाक यायची, "ताई, भांडायचं तर रस्त्यावर जा. राणी हाय आत!" आणि रस्त्यावर ट्रॅक्टरवाला असला तर त्याचीही सुटका नसे. "हॉर्न कावून वाजवतो बे? अंडी घालायली ती!"

त्यांचा सगळ्यात मोठा त्याग अत्तराचा. तरुणपणापासून कानात अत्तराचा फाया ठेवल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. पण वासाने माशा चवताळतात, हे भरपूर डंख खाऊन एकदा कळलं आणि त्या दिवसापासून अत्तर बंद. अगदी ईदलासुद्धा. चाची होत्या तेव्हा म्हणायच्या, "माझ्यासाठी बिडी सोडली न्हाई, माशांसाठी अत्तर सोडलं."

ज्ञान मात्र बेताचंच. गेल्या हिवाळ्यात माझ्या पेटीला थंडी वाजू नये म्हणून त्यांनी स्वतःची गोधडी इतक्या मायेने गुंडाळली की माशांचं दारच झाकलं गेलं. सकाळी आत नुसता गलका. मी गोधडी ओढली आणि सुटलेल्या माशांनी आमची दोघांचीही तोंडं सुजवली. चाचा सुजलेल्या ओठांनी म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं. माझ्या घराला कुनी कुलूप लावलं असतं तर मी पन चावलो असतो."

ही पेटीही त्यांनीच दिलेली. माझे यजमान गेले तेव्हा लोक सांत्वनाला आले, जेवणाचे डबे घेऊन आले. चाचा मधपेटी घेऊन आले. "रडा, पन आदी मुंग्यांचं बघा," म्हणाले, आणि पेटीच्या स्टँडच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायला लावल्या. पाणी आटलं की मुंग्या चढतात, म्हणून वाट्या रोज भराव्या लागतात. त्या भरायच्या म्हणून मी रोज उठत गेले. त्यांचे आभार मी कधी मानले नाहीत. मानले असते तर त्यांनी ते पेटीसमोर उभं राहून मानायला लावले असते.

यंदा पावसाळ्यात त्या पेटीला मेणकिडा लागला. मूठभर माशा उरल्या; थंडी काढतील की नाही, सांगता येईना. आणि नेमकं यंदाच, गुडघे साथ देईनात म्हणून, चाचांची लेक त्यांना परळीला घेऊन निघाली.

आज दुपारी ते निरोप घ्यायला आले आणि फाटकाशीच थांबले. वाऱ्याबरोबर वास आला. अत्तराचा.

"आत या की चाचा."

"न्हाई ताई, आज लावलंय. परळीत त्या थर्मलच्या राखंत कुटं माशा? आता कुनाला डरायचं?"

मग मी एकटीने काम केलं आणि ते फाटकावरून ओरडत राहिले. पोळ्यांच्या रिकाम्या चौकटी काढल्या, फळी सरकवून आतली जागा लहान केली म्हणजे ऊब टिकेल. मधाला हात लावला नाही. तो माशांचा हिवाळ्याचा शिधा. वरून दुहेरी गोणपाट.

"दार उघडं ठिवलं का? दार!"

"ठेवलं! गोधडी तुम्ही घातली होती, मी नाही!"

ते हसले, डोळे पुसले, धुळीला शिव्या दिल्या आणि जीपमध्ये बसले.

सव्वीस नोव्हेंबर. सकाळी ऊन पेटीवर आल्यावर मी तिच्यापुढे जाऊन बसले. बराच वेळ काही नाही. मग एक माशी दारात आली, पाय पुसले आणि तुरीच्या फुलांकडे उडाली. तिच्यामागे दुसरी. मी चाचांना फोन लावला. "बोलू नका. चांगल्या कानाला लावा," म्हटलं आणि फोन पेटीला टेकवला. आयुष्यात पहिल्यांदा ते सांगितल्याबरोबर गप्प बसले. फोन तसाच पेटीवर राहू दिला आणि मी वाट्यांत पाणी भरायला घेतलं.