झिजणारे टायर

आमच्या घरात कुठलीही वस्तू आणायची म्हटली की पहिला प्रश्न एकच: टिकेल का? रंग, रूप, उपयोग हे सगळं नंतर. सोफ्यावर चादर, तिच्यावर आणखी एक चादर, टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी. पुणं सोडून ब्रिस्टलला येऊन कितीतरी वर्षं झाली, पण नवऱ्याची टिकाऊपणावरची भक्ती तसूभरही कमी झालेली नाही.

गाडी मात्र माझी. लहान, निळी, जुनी. ती घेऊन मी दर रविवारी गावाबाहेरची टेकडी उतरून समुद्रावर पोहायला जाते. पोहायला मी पन्नाशीत शिकले, इथल्या लेझर सेंटरच्या, म्हणजे क्रीडा संकुलाच्या, तलावात, शाळकरी पोरांच्या शेजारी नाकातोंडात पाणी जात. ते गढूळ, गारढोण समुद्राचं पाणी पाहून आमच्या ओळखीतले लोक नाक मुरडतात. मुरडू देत. आठवडाभरात तेवढी एकच गोष्ट मी दुसऱ्या कोणासाठी करत नाही.

मागच्या वसंतात त्याच उतारावर, भर पावसात, मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी घसरत गेली. वळणावरच्या झुडपात नाक खुपसून उभी राहिली. मला खरचटलंसुद्धा नाही. एक आरसा तुटला, आणि घरी माझी चौकशी सुरू झाली.

“तू फार जोरात चालवतेस,” नवरा म्हणाला.

आता जरा ऐका. थोड्याच दिवसांपूर्वी ह्याच माणसाने ड्राइव्हवेमध्ये उकिडवं बसून टायरच्या खाचेत वीस पेन्सचं नाणं उभं घातलं होतं. नाण्याची कड खाचेत बुडाली की टायर कायद्यात बसतो, अशी इथली घरगुती चाचणी आहे. कड जेमतेम बुडाली. “लीगल आहेत. हा उन्हाळा सहज निघेल,” असा निकाल देऊन साहेब हात धुवायला गेले. म्हणजे टायर त्याने पास केले आणि नापास मी झाले! मला इतका संताप आला, की पुढचे काही दिवस मी चहासुद्धा एकाच कपाचा टाकला.

मँचेस्टरहून मुलीचा फोन आला. जन्म इथलाच, पण काळजी अगदी बापाच्या वळणाची. “आई, तू बसनी जा ना. मला टेन्शन येतो.”

“रविवारी तिकडे बस नाही,” मी म्हटलं. “आणि असती तरी भरती बसची वाट बघत नाही.”

शेवटी माझ्या हट्टाने टायर बदलायला आम्ही दोघं गेलो. दुकानातल्या माणसाने दोन टायर समोर ठेवले. दोन्ही समर टायर, म्हणजे नावाने उन्हाळ्याचे. ज्या देशात उन्हाळ्यात छत्री घेऊन बाहेर पडावं लागतं, तिथे बहुतेक लोक हेच बारा महिने वापरतात. पहिला दीर्घायुषी, आवाज कमी, पेट्रोलही वाचवणारा. दुसरा ओल्या रस्त्यावर चटकन गाडी थांबवणारा, पण रबर मऊ, लवकर झिजणारा. हे सगळं तो माणूस माझ्या नवऱ्याकडे बघून सांगत होता. मग त्यालाच विचारलं, “वॉट सॉर्ट ऑफ ड्रायव्हिंग डझ शी डू?”

“जस्ट लोकल,” नवरा म्हणाला. “शॉपिंग, मेनली.”

मी चमकले. “अहो, लोकल काय? मी रविवारी समुद्रावर जाते.”

“ते आता बंदच ना,” तो शांतपणे म्हणाला, जणू दूधवाल्याला उद्यापासून नको म्हणून सांगून टाकलं असावं. “मग हेच घेऊ, टिकाऊ. तुझ्या वापराला जन्मभर पुरतील.”

जन्मभर! माझे रविवार परस्पर मोडीत काढून वर त्यांच्या बदल्यात मला हे जन्मभर पुरणारे टायर. तिथे रडले असते तर त्या दोघांनी मिळून मला खुर्ची दिली असती. मी सरळ दुसऱ्या टायरवर हात ठेवला. “आय ड्राइव्ह डाउन अ स्टीप हिल. इन द रेन. धिस वन, प्लीज. ऑल फोर.”

“अगं, बघता बघता गुळगुळीत होतील!”

“मग बदलू. नाणं न घालता.”

पुढच्या रविवारी रिमझिम होती. पहारा द्यायला म्हणून नवरा पहिल्यांदाच शेजारी येऊन बसला. उतार लागताच त्याने दाराच्या वरचं हँडल गच्च धरलं आणि तो पायाने आपल्या बाजूला नसलेला ब्रेक दाबू लागला. नेमकं त्याच वळणावर समोर एक घोडा आणि त्यावर रेनकोट घातलेली बाई. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, घोड्यापासून चांगली लांब. बाईने हात वर करून आभार मानले.

नवऱ्याने हँडल सोडलं. मग म्हणाला, “थांबली बरोबर.” आणि राहवेना म्हणून, “पण असे ब्रेक मारलेस तर झिजतील.”

“झिजू देत.”

किनाऱ्यावर मी टॉवेल त्याच्या हातात दिला. पाणी बर्फासारखं होतं. मागून तो ओरडला, “सांभाळून जा गं!”

नुसतं सांभाळायचंच असतं, तर मी घरी बसले असते, सोफ्याच्या दोन चादरींवर. मी पाण्यात सूर मारला.