आधी कोण निघणार

ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं, तेव्हा मी साताऱ्यात धरणाच्या विसर्गाची बातमी लिहीत होतो. विसर्ग वाढणार होता. वडिलांना फोन केला.

"काय हुत न्हाई रं. समोरचा हललाय का?"

समोरच्या काकांना केला.

"तुझा बा बसलाय की निवांत!"

गेम थिअरीच्या, म्हणजे डावपेचांच्या गणिताच्या, भाषेत ही कोंडी होती. आधी निघेल तो भित्रा ठरणार, म्हणून दोघं एकमेकांना धीर देत होते आणि आता तो धीर त्यांना स्वतःलाही खरा वाटत होता.

मी काकांना पुन्हा फोन करून खोटंच सांगितलं, "बाबा सामान बांधतायत."

काकांनी टेम्पो बोलावला. तो पाहून वडिलांनी पिशवी भरली. संध्याकाळी दोघं मिरजेला पोचले. आता आधी निघणारा शहाणा ठरत होता, म्हणून आधी आपणच निघालो, असं दोघांनीही फोनवर सांगितलं.