सारंगाच्या स्कूटरची चावी

“लागला नाय ओ भावजी, चाटून गेला.”

गालाला पदर लावून शेजारच्या वहिनी हे म्हणायच्या आणि लगेच दुसरं काहीतरी विचारायच्या. विरजण आहे का, कोकमं वाळली का, असं काहीही. पदराखाली गाल सुजलेला असायचा. एकदा हेच वाक्य बोलता बोलता त्यांच्या तोंडातून दात पडला. तो त्यांनी पदराच्या टोकाला बांधला आणि विरजण घेऊन गेल्या.

तुमच्याही शेजारात अशी एखादी बाई असेल, आणि भिंतीपलीकडचा आवाज ऐकून तुम्हीही कधी टीव्ही मोठा केला असेल. आमच्या रत्नागिरीतल्या मांडवीजवळच्या वाडीला तर त्याची सवयच झाली होती. वहिनींचा नवरा मालवाहू बोटीवर सारंग होता, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. सगळी वाडी त्यांना सारंगच म्हणे. ते बोटीवर असले की वहिनी अंगाने भरत, अंगणात पापड घालताना मोठमोठ्याने हसत. ते सुट्टीवर आले की आम्हाला कुणी सांगावं लागत नसे. त्यांच्या दारातून भांडी बाहेर येत. एकदा कालवणाचं अख्खं भांडं आलं आणि त्याच्या मागून वहिनी आल्या.

त्या दिवशी मी मध्ये पडलो. सारंगांनी माझी मान धरून मला कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर आपटलं. कपाळ फुटलं. रक्त पुसायला वहिनीच धावल्या आणि वर मलाच ओरडल्या, “तुमी कशाला मदी पडलाव? ह्ये जातील बोटीवर. माला नि तुमाला हितंच ऱ्हवायचा हाय.”

पुढे कुठल्याशा बंदरात बोट बांधताना लोखंडी तार तुटली आणि सारंगांच्या गुडघ्यावर बसली. पाय राहिला, पण नावापुरता. ते कायमचे घरी आले आणि त्यांच्या हातात काठी आली. आता तरी वहिनी सुटल्या असं आम्हाला वाटलं होतं. झालं भलतंच. पूर्वी त्यांच्या हातापासून दोन पावलं लांब राहिलं की भागायचं, आता काठीची लांबीही धरावी लागे.

अशा माणसाला क्रूझवर न्यायची कल्पना त्यांच्या मुंबईच्या लेकीची. बाबांचा जन्म बोटीवर गेला, आईने एकदा तरी बोट बघावी, असं तिला वाटलं. स्वतःला रजा नव्हती म्हणून सोबतीला तिने मला आणि माझ्या बायकोला धाडलं. बोट मुंबईहून निघून गोव्यावरून लक्षद्वीपला जाणार आणि तशीच परत येणार. सारंगांना एवढं चालवणार नाही, म्हणून तिने विजेवर चालणारी चारचाकी स्कूटर भाड्याने सांगून ठेवली होती. बसायला खुर्ची, पुढे टोपली, आणि वेगाच्या बटणाच्या एका बाजूला कासव, दुसऱ्या बाजूला ससा.

सारंगांनी बटण सशाकडे फिरवलं आणि शेवटपर्यंत तिथेच ठेवलं. “बाजू! बाजू!” असं ओरडत ते गालिच्यावरून सुटले की लोक भिंतीला चिकटत. जेवणाच्या हॉलमध्ये त्यांनी एका वाढप्याच्या पायावरून चाक नेलं. तो बिचारा वेदनेने कळवळत “सॉरी सर” म्हणाला. बशांच्या गाडीला धडक दिली तेव्हा काचांचा सडा पडला आणि सारंग म्हणाले, “माल नीट बांधत नायत, साले.” वहिनी काचा गोळा करायला खाली बसल्या. त्यांना कुणीतरी दंडाला धरून उठवलं, मॅडम, तुम्ही नका, म्हणून. त्या मॅडम झाल्याचं मला फार बरं वाटलं.

पण लिफ्टशी व्हायचं तेच झालं. स्कूटर मागे घेताना चाक दाराच्या फटीत अडकलं. वहिनी ओढायला वाकल्या. सारंगांनी काठी फिरवली ती त्यांच्या कानशिलावर बसली. आवाज असा आला की सगळा मजला वळून बघायला लागला. कानातलं फूल वाकून मांसात रुतलं होतं, मानेवरून रक्त उतरत होतं. आमच्या वाडीत भिंती आहेत, बोटीवर जिकडेतिकडे काचा. चारपाच मोबाइल वर झाले.

बोटीवरची सुरक्षारक्षक, नागपूरकडची एक तरणी मुलगी, धावत आली. “मावशी, तक्रार करा. मी लिहून घेते. यांना पुढच्या बंदरात उतरवतील.”

वहिनींनी पदर कानाला लावला. “लागला नाय ग बाय. चाटून गेला.”

मुलगी बघतच राहिली. ती पदरावर पसरत चाललेल्या डागाकडे बघत होती. वहिनीही खाली बघू लागल्या. एवढी वर्षं आम्ही कुणी त्या पदराकडे असं रोखून बघितलं नव्हतं. त्या पुढे काहीतरी विचारतील म्हणून मी वाट बघितली. त्यांनी काहीच विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर सकाळी वरच्या डेकवर गर्दी झाली होती. उजवीकडे लांब किनाऱ्याची धूसर रेघ दिसत होती. ती आमची रत्नागिरी, असं सारंगांनी जाहीर केलं. कठड्याला स्कूटर लावून ते अनोळखी लोकांना वादळांच्या गोष्टी सांगत होते. ऐन रंगात येऊन त्यांनी वहिनींकडे काठी रोखली. “किती तुफानांतून आलो, पण केस वाकडा झाला नाय. कोणामुळे? हिच्यामुळे. नारळी पुनवेला दर्याला पहिला नारळ हिचा.”

ते खरंच होतं. नवरे बोटीवर असलेल्या सगळ्या बायका त्या दिवशी समुद्राला नारळ देतात. वहिनी सर्वांच्या पुढे कमरेएवढ्या पाण्यात जात. नव्या सुनांना आम्ही त्यांचं उदाहरण द्यायचो.

“माज्या नारळान तुमी वाचला नाय,” वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “बाकीच्या बायका म्हणायच्या, सुखरूप आण. मी म्हणायची, ह्येंची बोट परत आणू नको. दरसाल म्हटला. दर्यान माजा ऐकला नाय.”

ऐकणाऱ्यांतला एकजण हसायला गेला आणि मागे सरकला.

सारंगांची काठी वहिनींच्या खांद्यावर उतरली. दुसऱ्यांदा उचलली, तेव्हा वहिनींनी ती दोन्ही हातांनी धरली. ओढाओढ झाली. सारंग शिव्या देत होते, वहिनींच्या बांगड्या फुटून त्यांच्याच मनगटात घुसत होत्या. काठी सुटली. वहिनींनी ती उगारली आणि सारंगांच्या हातावर घातली. मनगटाचं हाड वाजलं. मग काठी कठड्यापलीकडे भिरकावली, पुढे वाकून स्कूटरची चावी काढली आणि मागे सरकल्या.

मला आनंद झाला. शेजाऱ्याचं हाड मोडताना बघून माणसाला लाज वाटायला हवी. मला वाटली नाही.

सारंगांनी डाव्या हाताने मूठ पिळली. स्कूटर जागची हलेना. वहिनींवर झेप घ्यायला ते उठले आणि तोंडावर पडले. डेकवर हात आपटत “चावी दे” म्हणून ओरडत राहिले. वहिनी त्यांच्या हाताच्या टप्प्याबाहेर उभ्या होत्या. अंतर त्यांना बरोबर ठाऊक होतं.

तीच रक्षक मुलगी आली. तिने आधी सारंगांना उचलून बसवलं, मग तोंड शक्य तेवढं कडक केलं. “मावशी, समुद्रात काही टाकायचं नसतं.”

“टाकली नाय ग,” वहिनी म्हणाल्या, “गेली.”

मुंबईच्या धक्क्यावर त्यांनी चावी स्कूटरवाल्याला दिली आणि लेकीला सांगितलं, मी रत्नागिरीला येणार नाही. लेक रडली. वहिनींनी तिचे डोळे पुसले, पण बेत बदलला नाही. दापोलीजवळ मुरुडला त्यांचं माहेर, तिथे त्यांची विधवा बहीण एकटी राहत होती. त्या तिकडे गेल्या. सारंग घरी आले, आणि वाडी आता त्यांच्या बाजूने बोलू लागली. म्हाताऱ्या माणसाला असं टाकतात का, असं म्हणणाऱ्यांत दिवसरात्र ती भांडी ऐकलेले लोक होते. त्यांच्याशी मी आजही धड बोलत नाही.

पावसाळ्यात सारंगांनी अंथरूण धरलं. तिला एकदा घेऊन या, असा निरोप त्यांनी माझ्याजवळ दिला, म्हणून मी मुरुडला गेलो. वहिनी पुन्हा भरल्या होत्या. मला आंबोळ्या करून घातल्या, बहिणीची थट्टा केली. मी निरोप सांगितला.

“जेवतात काय?”

“हो. डबा येतो.”

“मग झाला.”

निघताना त्या मला सोडायला दारात आल्या. माझी छत्री त्यांच्या डोक्यावरच्या खुंटीला होती. ती घ्यायला मी हात वर केला. वहिनी मटकन खाली बसल्या. दोन्ही कोपरं तोंडावर, डोकं गुडघ्यांत, डोळे घट्ट मिटलेले.

“वहिनी, मी आहे,” मी म्हणालो. “छत्री घेतोय.”

त्यांना ते ऐकू गेलं नाही. बहीण येऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी हात खाली घेतला आणि पावसात तसाच बाहेर पडलो. आता वहिनी नाहीत. छत्री आणायला मी पुन्हा तिकडे गेलो नाही.