टेबलाच्या पलीकडे संयोगिता

तू दवाखान्यात नक्की काय करतेस, असं कुणी विचारलं तर संयोगिताला अजूनही एका वाक्यात सांगता येत नाही. शिवाजी पेठेत तिच्या सासरी मात्र या प्रश्नाचं उत्तर घरच्यांनीच ठरवून टाकलं आहे. "धरून उभी ऱ्हाती," असं तिची सासू झुंबरबाई शेजारणींना सांगते. "डॉक्टर कापतोय, ही धरती. आणि दमून येती मात्र डॉक्टरपेक्षा जास्त."

सासूचं म्हणणं तसं अगदीच खोटं नाही. ऑपरेशनच्या टेबलाच्या एका बाजूला सर्जन उभा असतो आणि बरोबर समोर, पलीकडच्या बाजूला, त्याचा पहिला मदतनीस. दवाखान्यात त्याला फर्स्ट असिस्टंट म्हणतात. जखमेच्या कडा आकड्यासारख्या अवजारानं ओढून धरायच्या, म्हणजे सर्जनला आतलं दिसतं. रक्त साचलं की टिपायचं. सर्जननं गाठ मारली की उरलेला दोरा कापायचा. सगळं आटोपलं की कातडी शिवायची. ऐकायला सोपं आहे. पण कडा कमी ओढली तर आत अंधार, आणि जास्त ओढली तर आतलं काहीतरी दुखावतं. हात भरून आला तरी सोडायचा नाही, आणि मास्कखाली नाक खाजायला लागलं तर ते खाजू द्यायचं.

संयोगिताचे वडील आकाराम शिरोली एमआयडीसीत टर्नर होते, लेथवर लोखंड कातायचे. त्यांच्या घराण्यात दवाखान्यात जायचं ते आजारी पडल्यावरच. ती बारावी सायन्स झाली आणि ओटी टेक्नॉलॉजीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या कामाच्या, डिप्लोमाला गेली, तेव्हा चुलत्यांनी विचारलं होतं, "म्हंजे नर्स का?" ती म्हणाली, "न्हाय." "म्हंजे डॉक्टर?" "न्हाय." "मग कशाला जातीस?"

स्टेशनच्या मागच्या बाजूला आप्पासो सरांचा छोटा दवाखाना आहे. तिथं ती अवजारांचे ट्रे निर्जंतुक करायला लागली. एकदा सरांना मदत करणारे डॉक्टर आले नाहीत, म्हणून सरांनी तिला हात धुवून समोर उभं केलं. त्यानंतर दुसऱ्या कुणाला बोलावायची वेळ आली नाही.

आप्पासो सर टेबलाशी उभे असताना बोलत नसत. त्यांच्या बोटांवरून सगळं समजून घ्यायचं. तळहात थोडा तिरका झाला की आकडा सैल करायचा. गाठी पुऱ्या झाल्या की सर दोऱ्याची दोन्ही टोकं एकत्र वर उचलत, आणि संयोगिताची कात्री तिथं पोचत असे. "भूल मी पेशंटला दिलीय का ह्या दोघांना?" असं भूल देणारे डॉक्टर विचारायचे. संयोगिताला त्या शांततेचा अभिमान होता. इतकी वर्षं एकमेकांसमोर उभं राहून त्यांनी ती कमावली होती.

यंदा सरांचा उजवा हात थरथरायला लागला. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःच ऑपरेशनं थांबवली. त्यांची धाकटी मुलगी दीपा बंगळूरला मान-गळ्याच्या ऑपरेशनचं खास शिक्षण घेऊन आली होती. आता टेबलाच्या अलीकडच्या बाजूला ती उभी राहणार होती.

दीपा आणि संयोगिता पहिल्यांदा समोरासमोर उभ्या राहिल्या, त्या बनाबाईच्या गलगंडासाठी.

बनाबाई नेसरीची. चार म्हशी, उसाचं रान, आणि गडहिंग्लजच्या बाजारात भाजीची पाटी. गळ्याला केव्हाचा गलगंड होता, तो आता इतका वाढला होता की झोपली की श्वास अडायचा. ऑपरेशनच्या आधी संयोगिता तिला उठवायला गेली, तेव्हा बाईनं तिचा हात धरला.

"तू असतीस न्हवं आत?"

"असणार की मावशी."

"मग त्या डॉक्टरीण बाईला सांग. गळा कापा न्हायतर शिवा, पर माझी हाक ऱ्हायला पायजे. आमचं मालक एका कानानं बहिरं हायत. रानाच्या त्या टोकाला असत्यात. मी बांधावरनं हाक मारली, की मगच जेवाय येत्यात. आणि बाजारात माझ्या शेजारी बसती ती बया भोंगा लावून वांगी इकती. तिच्याफुडं मी बिन-भोंग्याचा बसतो."

तिचा नवरा ज्ञानू चांगला कान पुढं करून ऐकत होता. तो म्हणाला, "जरा कमी झाली तरी चालंल. म्हशी बुजत्यात."

"तुमी गप बसा."

संयोगिता हसली आणि बोलून गेली, "हाकेला काय होत नाही मावशी. मी आहे की."

ऑपरेशन व्यवस्थित सुरू झालं. दीपाचा हात हलका होता, वडिलांपेक्षाही जलद. बारीकसारीक वाहिन्या ती विजेच्या चिमट्यानं बंद करत होती, त्यामुळं दोऱ्याचं काम बराच वेळ निघालंच नाही. ती बोलत होती, पण मोजकंच. "ताई, थोडं वर. छान." संयोगिताला वाटलं, जमतंय.

गलगंडाच्या वरच्या टोकाला एक जाड रक्तवाहिनी येते. तिच्या लगत केसाइतकी बारीक एक नस असते. ती नस दुखावली तर माणूस बोलतो, पण त्याचा आवाज चढत नाही. म्हणजे गप्पा मारता येतात, हाक मारता येत नाही. या वाहिनीला मात्र दोऱ्यानंच बांधायचं असं दीपानं ठरवलं होतं. तिनं वाहिनी चिमट्यात धरून कापली आणि उरलेल्या तोंडाभोवती दोरा फिरवला. पहिली गाठ आवळली, दुसरी आवळली. संयोगितानं शिस्तीप्रमाणं चिमटा अलगद सोडला. दीपानं दोऱ्याची दोन्ही टोकं वर उचलली.

दीपाला फक्त गाठीचा ताण बघायचा होता. दुसऱ्या गाठीनंतर टोकं उचलून बघायची आणि मग तिसरी मारायची, असं ती शिकून आली होती. संयोगिताची कात्री तोवर पोचली होती.

कापलेली टोकं दीपाच्या बोटांत राहिली. तिनं त्यांच्याकडं बघितलं, मग संयोगिताकडं. तेवढ्यात अर्धवट बांधलेला दोरा ओल्या वाहिनीवरून निसटला, वाहिनी रबरासारखी आखडून वर स्नायूमागं गेली आणि जखम रक्तानं भरून आली.

अवजारं देणाऱ्या सिस्टरनं घाईनं दुसरा चिमटा पुढं केला. दीपानं तो घेतला नाही. रक्तात न बघता चिमटा लावला, तर वाहिनीबरोबर नसही त्यात सापडणार, हे तिला माहीत होतं आणि संयोगितालाही.

"बोट," दीपा म्हणाली.

संयोगिताचं बोट आधीच आत होतं.

"लागलंय?"

"लागलंय मॅडम. उडतंय बोटाखाली."

"मी सांगेपर्यंत हलवायचं नाही."

मग तिनं नुसतं दाबून धरलं. सिस्टरनं आकडा घेतला, दीपानं रक्त टिपलं. संयोगिताच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, ते तिनं स्वतःच सकाळी त्या बाईला सांगितलेलं. हात मात्र तिचा दगडासारखा स्थिर होता. बोट एवढंसंही सरकलं तर रक्त परत येणार होतं, आणि जास्त जोरानं दाबलं तर ती केसाएवढी नस तिच्याच बोटाखाली चेंगरणार होती.

दीपानं स्नायू बाजूला केला. "आता खाली सरकवा. अगदी थोडं. बास." रक्ताचा एक ठिपका उसळला आणि त्याच जागी तिनं वाहिनीचं तोंड बारीक चिमट्यात पकडलं. या वेळी तिनं गाठी मारल्या, टोकं उचलली, परत गाठ मारली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "कापा."

संयोगितानं कापलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मघापासून धरून ठेवलेला श्वास सोडला, तो सगळ्यांना ऐकू आला.

"मॅडम, नस दिसली का?"

"नाही," दीपा म्हणाली. "पुष्कळदा दिसत नाही. पण तिथंच कुठंतरी असणार."

बाकीचं ऑपरेशन कुणीही न बोलता पार पडलं. त्या दिवशीची शांतता संयोगिताला सोसवत नव्हती.

हातमोजे काढल्याबरोबर ती म्हणाली, "दोरा मी आधी कापला. तुम्ही सांगितलं नव्हतं."

"बघितलं मी," दीपा म्हणाली. तिच्या आवाजात राग होता. "का कापलात?"

"सर टोकं उचलायचे म्हणजे कापायचंच असायचं."

दीपा बेसिनला टेकली. "मला हे कुणी सांगितलंच नाही. आणि मीही विचारलं नाही. माणूस नवीन असला की आधी बोलून घेतो आपण. तुम्ही घरच्याच, म्हणून मी बोललेच नाही."

आप्पासो सर बाहेरच खुर्चीवर बसून होते. दीपानं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी थरथरता हात दुसऱ्या हातानं धरला. "टेबलाशी न बोलणं हा माझा तोरा होता," ते म्हणाले. "मी होतो तोवर चाललं. आता दोघी बसा आणि कुठल्या हालचालीचा काय अर्थ, ते बोलून घ्या. आत्ताच."

त्याआधी दीपा ज्ञानूकडं गेली. संयोगिताही मागोमाग गेली, तिला कुणी बोलावलं नव्हतं. दीपानं आडपडदा न ठेवता सांगितलं, की आत रक्तस्राव झाला, थांबवला, जिवाला धोका नाही, पण आवाजाची नस जवळ होती. साधं बोलणं येईल. हाक चढते का, ते उद्या कळेल.

ज्ञानू ऐकत राहिला. मग म्हणाला, "बाई, ह्या बाजूनं परत सांगा. त्यो कान बंद हाय."

दीपानं परत सांगितलं, या वेळी मोठ्यानं. त्यामुळं सगळ्या वॉर्डालाच कळलं. ज्ञानूनं टोपी काढली आणि परत घातली. "वाचली न्हवं?"

"वाचली."

"मग मी बांधापतोर येत जाईन जेवायला. त्यात काय."

तो हे सहज म्हणाला. पण संयोगिताला ते टोचत राहिलं. बनाबाई शुद्धीवर आली तेव्हा खरखरीत, खोल आवाजात "पाणी" म्हणाली. तो खरखरीतपणा भुलीच्या वेळी घशात घातलेल्या नळीचा होता. त्यावरून काहीच कळत नव्हतं.

घरी येऊन संयोगितानं वडिलांना फोन लावला. आकारामनी सगळं ऐकून घेतलं. "मशीन बदललं की पयला जॉब सावकाश घ्यायचा असतोय," ते म्हणाले. "जुन्या मशीनचा हात तसाच चालवला की माल वाया जातोय. टर्नरची पोरगी तू, एवढं कळंना व्हय?"

"चुकलो बाबा."

"चुकलीस ते खरंच. बोट काढलंस का मधी?"

"न्हाय."

"मग जेव आता."

झुंबरबाईनं ताट वाढलं. सुनेचं दुखणारं बोट बघून तिनं तेलाची वाटी आणून जवळ ठेवली.

सकाळी दीपानं बनाबाईला उठवून बसवलं. "आता ई म्हणा. लांब आणि वर चढवत."

"ई कशाला म्हणू? मी काय शेळी हाय?"

"म्हणा हो मावशी," संयोगिता म्हणाली.

बनाबाईनं एक खरखरीत ई काढली, ती मध्येच बसली. तिनं दोघींच्या तोंडाकडं बघितलं आणि पुन्हा प्रयत्न केला नाही. दीपा म्हणाली, घसा सुजलाय, घाई नको. दुसरं ऑपरेशन लागलं होतं, हर्नियाचं. दोघी हात धुवायला बेसिनशी उभ्या राहिल्या. काल बसून ठरवलेलं त्यांनी परत एकदा म्हणून घेतलं, पाढे म्हणावेत तसं. कापायचं ते शब्दावर. सैल करायचं तेही शब्दावर. समजलं नाही तर विचारायचं.

बेसिनच्या वरची खिडकी दवाखान्याच्या आवाराकडं उघडते. खाली ज्ञानू चहाचा थर्मास घेऊन फाटकाकडं निघाला होता. थर्मासचं झाकण वर, बनाबाईच्या खाटेवरच राहिलं होतं. हे संयोगिताला नंतर कळलं. तेव्हा तिला फक्त ऐकू आलं.

"आवोऽऽऽ!"

सुरुवात खरखरीत होती. मग आवाज वर चढला, आणखी वर गेला आणि तिथंच ठरला. आवारातल्या कबुतरांनी पंख फडफडवले. औषधाच्या दुकानासमोर उभे असलेले तिघे पुरुष एकदम मागं वळले, प्रत्येकाला वाटलं आपल्यालाच. सगळ्यात शेवटी ज्ञानू वळला.

"झाकान कोण न्हील, तुमचा आज्जा?"

"आलो, आलो," ज्ञानू म्हणाला आणि जवळजवळ पळतच आत आला.

वॉर्डातून सिस्टरचं ओरडणं ऐकू आलं, "ओ मावशी, ओरडू नका म्हणून सांगितलंय ना, टाके आहेत." आणि बनाबाईचं तितकंच मोठं, "मी कुठं वरडतोय?"

दीपानं डोळे मिटून घेतले. कोपरापर्यंत साबणाचा फेस, हात वर धरलेले, आणि खांदे मात्र पहिल्यांदाच खाली आले. संयोगिताला हसू आवरेना. मग ते हसूच राहिलं नाही. तिनं धुतलेल्या मनगटानं डोळे पुसले आणि पुसल्यावर तिच्या लक्षात आलं.

"गेला हात," दीपा म्हणाली. "परत धुवा, ताई."

"धुतो मॅडम," संयोगिता म्हणाली आणि तिनं कोपरानं नळ पुन्हा उघडला.