नेट नसलेल्या रविवारचे मांडे

आमच्या मोताळ्याच्या घरी वरच्या खोलीत भिंतीवर दोन पेट्या आहेत. एक पांढरी, तळहाताएवढी. दुसरी काळी, दोन शिंगांची. आलेला पाहुणा दोन्हींना मिळून एकच बोट दाखवतो आणि विचारतो, "हे तुमचं वायफाय वाटतं?" मी हो म्हणते. वर्गात आयुष्य काढूनही, उत्तरपत्रिकेबाहेरची चूक दाखवायची वेळ आली की मी नुसती मान डोलावते. वस्तुतः पांढरी पेटी बाहेरच्या तारेतून इंटरनेट घरात आणते, आणि काळी पेटी, म्हणजे राऊटर, आलेले ते घरभर वाटते. वाटण्याच्या या कामाला वायफाय म्हणतात. आणणारा आणि वाढणारा हे दोघे वेगळे असतात, एवढीच ती गोष्ट; पण ती कुणाला सांगायची वेळ माझ्यावर येईल असे मला वाटले नव्हते.

मी मेहकरच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत असे. निवृत्तीनंतर मोताळ्याला वहिनींकडे राहायला आले. भाऊ पूर्वीच गेलेला, भाचा नोकरीनिमित्त पुण्याला. दोघींना दोघींची सोबत. वहिनी रोहिणखेडच्या शेतकरी घरातल्या, बोलायला मोकळ्या. त्या मला "बाई" म्हणतात. दुपारी मी पुस्तक घेऊन बसलेली पाहून त्यांनीच एकदा सुचवले, "बाई, सारं जग कम्प्युटर शिकून राह्यलं. तुमी काऊन शिकत नाही? शिकवाची सवय हाये तुमाले, आता शिकाची लावून घ्या." नाही म्हणणेही मला फारसे जमत नसल्यामुळे मी बसस्थानकाजवळच्या वर्गात नाव घातले आणि शेवटच्या रांगेतला कोपरा धरला.

तिथे पहिल्याच महिन्यात, मी घरून नेत असे तो माझा संगणक रांगू लागला. मेमरी कमी पडते आहे, असा संदेश पडद्यावर आला. मी सबंध दुपार खपून साठवलेली छायाचित्रे पुसली, तरी त्याची चाल सुधारेना. शिकवणारी मुलगी, माझ्या एखाद्या विद्यार्थिनीची मुलगी शोभावी अशा वयाची, मागे येऊन उभी राहिली. मी उघडलेल्या आणि कधीच न मिटलेल्या खिडक्यांची रांग तिने पाहिली आणि शांतपणे म्हणाली, "मॅडम, ओट्यावर पसारा झाला म्हणून तुम्ही कोठीतलं धान्य फेकून आलात." मेमरी म्हणजे ओटा, काम चालू असेपर्यंतची जागा, डिस्क म्हणजे कोठी, काम संपल्यावरही माल राहतो ती. हा फरक मला जन्मभर पुरेल इतका त्या वाक्याने समजला. पुसलेली छायाचित्रे बहुतेक माझ्याच निरोप समारंभाची होती, त्यामुळे हानी थोडी होती.

त्याच उन्हाळ्यात रोहिणखेडला वहिनींच्या भावाच्या नातीचे लग्न झाले. पुरणाचे मांडे अर्थातच वहिनींचे. आमच्या त्या भागात मांडा वहिनींनीच टाकावा, असे लोक मानतात. पुरण भरलेली कणकेची पारी दोन्ही हातांवर झेलत झेलत त्या एवढी मोठी करत की पलीकडचे माणूस तिच्यातून अंधूक दिसावे, आणि मग ती चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद उतरवत. मला एका खुर्चीवर बसवलेले होते. हातात फोन धरून चित्रीकरण करत राहिले तर कुणाशी बोलावे लागत नाही, हा शोध मला नुकताच लागला होता. म्हणून मी जवळजवळ सगळे मांडे पहिल्यापासून शेवटपर्यंत टिपले.

पोळ्याच्या सुमारास वहिनी अंगणात घसरल्या आणि उजवे मनगट मोडले. पुढे प्लॅस्टर निघाले, पण मनगट अर्ध्यावर येऊन थांबू लागले. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होणार होती, आणि वहिनींनी तीन घरी मांड्यांचा शब्द दिलेला होता. त्यांनी शब्द मागे घेतला नाही. माहेरच्या चार बायकांना निरोप धाडला: रविवारी सकाळच्या बसने या, शिकवते. "तोंडानं मांडा शिकवता येत नाही," त्या मला म्हणाल्या, "पण तुमच्या फोनात माहे हात हाये न बाई. ते दाखवू."

माझ्या फोनात त्यांचे हात होते, अशी माझीही समजूत होती.

दरम्यान दोन गोष्टी घडल्या होत्या. दिवाळीला भाचा आला, त्याने एक जुनी हार्ड डिस्क काळ्या पेटीच्या पाठीला जोडली आणि म्हणाला, "आत्या, ही घरची कोठी. घरातल्या कुठल्याही यंत्रावरून यात ठेवता येईल, काढता येईल." त्याने एवढे कष्ट घेतले आणि कुणी वापरले नाही असे त्याला वाटू नये, या एकाच विचाराने मी माझ्या फोनातले आणि संगणकातले जे होते नव्हते ते तिच्यात उतरवून ठेवले, आणि विसरले. पुढे फोन भरला. त्यावर "जागा मोकळी करा" असे आले. सारे काही वर, म्हणजे इंटरनेटवर, सुरक्षित आहे, असेही त्याने सांगितले. मी बटण दाबले. चित्रे पूर्वीसारखीच दिसत राहिली, म्हणून मी निश्चिंत झाले. दिसणे आणि जवळ असणे हीसुद्धा सहज गल्लत होणारी जोडी आहे, हे मला वर्गात कुणी शिकवले नव्हते.

रविवारी बायका आल्या. मागच्या ओसरीत चूल पेटली, खापर तापत ठेवले, कणीक तिंबून झाली, पुरण वाटून झाले. ओसरीतून दिसावा असा टीव्ही दारात ओढून घेतला. शेजारच्या काकूही आल्या. त्या कचेरीतून निवृत्त झालेल्या, कर्तबगार. आमच्या गल्लीत काही बिघडले की आधी त्यांना बोलावतात. मी फोनवरून फिल्म टीव्हीवर लावायला घेतली. टीव्हीवर एक गोल चक्र आले आणि फिरू लागले.

"काऊन व बाई, हे काय फिरून राह्यलं?" वहिनी म्हणाल्या.

काकू कोपऱ्यापर्यंत जाऊन बातमी घेऊन आल्या. नळयोजनेचे पाइप टाकायला खोदणाऱ्या यंत्राने तार तोडली होती. मग त्या वर जाऊन पेट्या पाहून आल्या. "लाल दिवा लागलाय. वायफायच गेलं. आता काही होत नाही." तरी त्यांनी स्वतःच्या मोबाईलवरून जोडून पाहिले. पण गावातले मोबाईलचे मनोरे बहुधा त्याच तारेवर असावेत. बोलणे होत होते, बाकी फक्त चक्र.

वहिनींनी माझ्या फोनात डोकावून पाहिले. "चित्र तं दिसून राह्यलं. मंग चालत काऊन नाही?"

"नुसतं चित्र इथे आहे, वहिनी. फिल्म वर आहे."

"वर म्हंजे कुठी?"

"म्हणजे… दुसरीकडे. इंटरनेटच्या पलीकडे."

"हाव, म्हंजे मनातले मांडे," त्या बायकांतली सर्वांत थोराड म्हणाली. "एवढी बस धरून आलो ते मनातले मांडे खायाले."

सगळ्या हसल्या. वहिनीही हसल्या, पण त्यांचा डावा हात उजव्या मनगटावर फिरत होता. मग त्यांनी तोंडाने सांगायला सुरुवात केली. "हातावर घ्याची, मंग अशी…" आणि मनगट नेहमीच्या जागी थांबले. सर्वांत धाकटीने अंदाजाने पारी झेलली. ती मधोमध फाटली आणि पुरण चुलीपुढच्या राखेत पडले.

"मावशे, हे तं पोतेरं झालं," तीच म्हणाली.

"पोतेऱ्यानं चूल तरी सारवता येते," वहिनी म्हणाल्या. "दुसरी घे."

दुसरीही फाटली. काकूंनी सुचवले, "असं करा, पुढच्या रविवारी या सगळ्या." त्यावर थोराड बाई म्हणाली, "पुढच्या रविवारी कापूस वेचाले जाणं हाये. त्याच्या पुढच्याले तं लगनच हाये." आणि बसची वेळ विचारली. वहिनींनी उरलेल्या कणकेवर ओले फडके झाकले.

मी चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. माझ्या मनात एक शंका होती आणि ती मांडण्याचे धैर्य नव्हते. वायफाय आणि इंटरनेट यांतला फरक मी परीक्षेत अर्धे पान लिहिला होता. पण व्याख्या ऐकवून बायका थांबत नसतात. शिवाय काकूंनी सांगून टाकले होते. आधणासाठी मी पातेले नळाखाली धरले. पाणी आले. पातेले भरत आले, तरी मी त्या धारेकडे पाहत राहिले.

चहा घेऊन मी ओसरीच्या दारात उभी राहिले आणि विचारले, "नळ कधी आला होता?"

"चार-पाच दिवस झाले असतीन," वहिनी म्हणाल्या. "काऊन?"

"मग या चहाला पाणी कुठून आलं?"

"टाकीतलं. बाई, काय झालं तुमाले?"

"तसंच आहे हे," मी म्हणाले. "बाहेरची लाइन तुटली आहे. घरातले नळ चालू असणार. आणि फिल्म टाकीत आहे." मग प्रामाणिकपणे जोडले, "बहुतेक."

आमच्याकडे पाणी रोज येत नाही. त्यामुळे लाइन कोणती आणि टाकी कोणती, हे पाळण्यातल्या लेकरालाही सांगावे लागत नाही. बायकांनी एकमेकींकडे पाहिले आणि बसचा विषय थांबला. काकू मात्र म्हणाल्या, "अहो, पण लाल दिवा मी स्वतः पाहिला."

"तो पांढऱ्या पेटीचा असेल," मी म्हणाले. "ती बाहेरून आणणारी. काळीचा हिरवा असावा." एवढे बोलून मी चहाचे कप पुढे केले.

काकू पुन्हा जिना चढल्या. उतरताना त्या पायऱ्यांवरूनच म्हणाल्या, "हिरवा आहे." किंचित हिरमुसलेल्या वाटल्या, पण लगेच त्यांनी टीव्हीचा रिमोट हाती घेतला, कारण तो त्यांना माझ्याहून चांगला येतो. शोधता शोधता पडद्यावर डिस्कचे नाव उमटले. आत कप्पेच कप्पे. सवयीने मी एका कप्प्याला "संकीर्ण" असे नाव दिले होते आणि त्यातल्या कप्प्याला "इतर". मांडे "इतर"मध्ये सापडले.

फिल्म सुरू झाली. आरंभी बराच वेळ जमीन आणि कुणाच्या तरी चपला, कारण फोन उचलण्याआधीच मी बटण दाबलेले होते. मग चूल आली, खापर आले आणि वहिनींचे दोन्ही हात आले. चक्र कुठेही नव्हते.

"थांबवा," वहिनी म्हणाल्या. "हिचा आंगठा पाहा. वर नाही, खालतं दबेल हाये. मनगट मंगच फिरते." स्वतःच्याच हातांना त्या परक्या बाईचे असल्यासारखे "हिचे" म्हणत होत्या, आणि त्या बाईचेही जिथे चुकले तिथे तिला सोडत नव्हत्या. "हे पाहा, इथी हिनं घाई केली. इथी फाटणार हाये." पडद्यावर मांडा खरोखरच कडेने फाटला. फिल्म मागे जाई, पुढे येई, थांबे. बायका पारी झेलत, पाहत, पुन्हा झेलत. मध्येच फिल्ममधून माझाच बारीक आवाज आला, "वहिनी, जरा इकडे वळता का?" आणि फिल्ममधल्या वहिनींचा, "तुमी पुढं या न बाई. मांडा चावत नाही." टीव्हीतल्या बायका हसल्या, ओसरीतल्याही.

भाच्याचा फोन आला, तेव्हा वहिनींनी त्याला सगळे सांगितले. तो म्हणाला, "पण आई, ती डिस्क काढून सरळ टीव्हीलाच लावली असती तरी चाललं असतं." चालू डिस्क ओढून काढू नये असे वर्गात बजावलेले असल्यामुळे मला ते सुचलेच नव्हते, मी ओशाळले. वहिनी फोनमध्ये म्हणाल्या, "तू पुण्याले बसून राह्य. इथी आमी बाईच्या अकलेनं चालून राह्यलो."

दुपार कलताना सर्वांत धाकटीच्या हातून एक अख्खा मांडा खापरावर उतरला. जरा जाड होता आणि एका बाजूला ओढलेला होता. वहिनींनी तो उलथून पाहिला, तोडला, पहिला तुकडा तिला दिला आणि दुसरा मला. बाराची बस केव्हाच निघून गेली होती. चौघी संध्याकाळच्या बसने गेल्या. पांढऱ्या पेटीचा दिवा त्यानंतर कधी तरी हिरवा झाला असावा. आम्ही कुणी पाहायला गेलो नाही.

पहिले लग्न गावातच होते. खापरापुढे त्या धाकटीसह तिघी बसल्या, वहिनी खुर्चीवर माझ्या शेजारी. त्या अधूनमधून "आंगठा" एवढेच म्हणत, आणि पलीकडून "हाव, मावशे" असे उत्तर येई. मी चित्रीकरण केले, या वेळी चपला टाळून.

घरी आल्यावर वहिनींनी विचारले, "टाकीत टाकलं का?"

"टाकलं."

"आन वर?"

"वरही आहे."

त्यावर वहिनी म्हणाल्या, "त्या काकूकडंही एक देऊन ठेवा. आपली टाकी फुटली तं?"

दुसऱ्या दिवशी मी पेन ड्राइव्ह घेऊन काकूंच्या दारात गेले आणि घंटा वाजवण्यापूर्वी काय बोलायचे ते मनात जुळवू लागले. ते जुळण्याच्या आतच काकूंनी दार उघडले आणि पेन ड्राइव्ह पाहून विचारले, "त्यात फिल्म आहे, की नुसतं चित्र?"

"फिल्म आहे," मी म्हणाले. "बहुतेक" म्हणाले नाही.