कामणच्या पलीकडचा रविवार

दसरा झाला की आम्हा तिघींचे रविवार सुरू व्हायचे. एक मी. दुसरी माझ्या घराच्या थेट वरच्या मजल्यावर राहणारी शेजारीण, जिला आम्ही नुसतं 'वरची' म्हणतो. आणि तिसरी शाळेत गणित शिकवणारी आमची मैत्रीण, जिला तिचं सगळं गाव 'बाई' म्हणतं. मी आणि वरची बोळिंजच्या एकाच कॉम्प्लेक्समध्ये. बाई जवळच्या गावातली, जुन्या ख्रिस्ती घरातली. चर्चमधली पहाटेची मिस्सा आटोपून ती साडेसातला आमच्या फाटकाशी हजर असायची. तोवर मी तीनदा खाली जाऊन गाडीची चाकं बघून आलेली असायचे.

गाडी माझी. ती चालवायला मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकले, आणि शिकले तरी भीती गेली नाही. शनिवार उजाडला की माझे प्रश्न सुरू व्हायचे. रस्ता खोदला असेल का, चढावर गाडी मागे घसरली तर काय, तिकडे फोनला रेंज नसली तर. वरची म्हणायची, "तू फिरायला निघतेस की परीक्षेला?" पण गाडी दुसऱ्या कुणाकडे नव्हती, आणि ती चालवावी असं मलाही मनातून वाटायचंच.

त्या रविवारी आम्ही वरचीच्या ओळखीच्या एका मावशींकडे गेलो होतो. कामणच्या बाजूची गोदामं मागे टाकून आत वळलं की त्यांचं गाव लागतं. पूर्वी त्या आमच्या फाटकावर भाजी घेऊन बसायच्या. आता गुडघ्यांमुळे बसत नाहीत, पण कापणीच्या दिवसांत आम्हाला हटकून बोलावतात. पाऊस संपून बरेच दिवस झाले होते. भात पिवळं पडून वाकलेलं, अर्धं कापून बांधावर पसरलेलं. आम्ही चहा प्यायलो, फोटो काढले आणि बांधावरून ओहोळाकडे निघालो. बाई पुढे, मी मधे, वरची मागे.

बांधाच्या कडेला दगडांची एक रास होती आणि तिच्यावर काकडीचा सुकत चाललेला वेल. पानांखाली मला एक तवसं दिसलं. पिकून पिवळी झालेली ती मोठी काकडी किसून आई दिवाळीत गोड भाकरी करायची. मला मोह झाला. मी म्हटलं, "बाई, तुझ्या हाताशीच आहे बघ. उचल ना."

बाई वाकली. तिने पानांत हात घातला आणि झटक्यात मागे ओढला.

"काटा लागला," ती म्हणाली.

पण मी आवाज ऐकला होता. खरखरीत कागदावर कागद घासावा तसा, दगडांच्या आतून येणारा. बाईच्या अनामिकेवर, अंगठीच्या जरा वर, रक्ताचे दोन थेंब जवळजवळ उभे होते. वरची किंचाळली तशा शेतातल्या मावशी विळा टाकून लंगडत धावत आल्या. त्यांनी काठीने पानं बाजूला केली आणि वीतभर लांबीचं, मातकट रंगाचं वेटोळं आम्हालाही दिसलं.

"फुरसा हाय," मावशी म्हणाल्या. "हात हालवू नको, पोरी. धावू पन नको."

वरचीने ओढणी काढून बाईच्या मनगटावर करकचून आवळायला घेतली. मावशींनी तिचा हात धरला. "आवळू नको. आवळून मान्सांचे हात गेलेत. आंगठी काढ आधी."

अंगठी लग्नाची. बोट तेवढ्यातच फुगायला लागलं होतं. बाईने दात आवळून ती फिरवत फिरवत काढली आणि माझ्याकडे दिली. मावशींनी तिच्या हाताखाली बांबूची एक पट्टी ठेवली, वरून ओढणी सैलसर गुंडाळून हात गळ्यात अडकवला आणि मला म्हणाल्या, "मोठ्या दवाखान्यान न्या. सुई तिथंच मिलते. वाटंत थांबू नका."

आणि मग तिघीही माझ्याकडे बघायला लागल्या, कारण गाडी मीच चालवणार होते.

चावी भोकात घालताना दोनदा खाली पडली. बाई मागच्या सीटवर वरचीला टेकून बसली होती. कच्च्या रस्त्यावर प्रत्येक धक्क्याला ती श्वास आत ओढायची आणि मी आरशात बघायचे. "पुढे बघ," ती म्हणायची. वर्गातल्या मुलांना सांगते त्याच आवाजात.

रेंज आल्यावर तिने नवऱ्याला फोन लावला. घरी ती त्यांच्या घरच्या बोलीत बोलते, ती आम्हाला अर्धीमुर्धीच कळते. त्या दिवशी मी प्रत्येक शब्द पकडायचा प्रयत्न करत होते. ती त्याला खरं सांगतेय की धीर देतेय, आणि धीर देत असेल तर तिला स्वतःला काय वाटतंय, काही समजेना. फोन ठेवून ती म्हणाली, "तोंडाला कसलीतरी चव येतेय." मला वाटलं, रक्ताची असेल. विचारायची हिंमत झाली नाही.

मोठ्या रस्त्याला लागलो आणि पुढे कंटेनरची रांग. रविवार असूनही गोदामाच्या फाटकात एक ट्रेलर आडवा अडकला होता. मी हॉर्नवर हात दाबून धरला. कुणी हललं नाही. तेव्हा वरची दार उघडून उतरली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये शेवटच्या रांगेत गप्प बसणारी ती भर रस्त्यात ओरडत पुढे धावली, "भैया, गाडी पीछे लो! साप काटा है! औरत मर जाएगी!"

ते शेवटचं वाक्य बाईने ऐकलं. मीही ऐकलं.

ड्रायव्हर लोक खाली उतरले. दोघातिघांनी हात करून ट्रक मागे घ्यायला लावले आणि एक चिंचोळी वाट मोकळी झाली. एरवी मी त्या फटीतून सायकलही घातली नसती. डाव्या बाजूचा आरसा घासून मोडला, तरी मी थांबले नाही.

सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरने आधी काही टोचलं नाही. त्याने बाईचं रक्त काचेच्या एका कोरड्या नळीत घेतलं आणि नळी खिडकीत उभी करून ठेवली. "वीस मिनिटं हिला हात लावायचा नाही. गोठलं तर विष अजून भिनलेलं नाही. नाही गोठलं तर लगेच औषध चालू करू."

मी त्या नळीसमोर उभी राहिले. आयुष्यात कशाकडे इतका वेळ टक लावून बघितलं नसेल. वीस मिनिटांनी त्याने नळी कलती केली. रक्त जागचं हललं नाही. बाईचा नवरा तोवर पोचला होता. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने छातीवर क्रूसाची खूण केली. वरची रडायला लागली.

"तासाभराने पुन्हा बघू," डॉक्टर म्हणाला. ते माझ्याशिवाय कुणाच्या कानात शिरलं नसावं.

तासाभराने दुसरी नळी. वीस मिनिटं. या वेळी त्याने ती कलती केली आणि रक्त पाण्यासारखं एका बाजूला वाहून आलं. बाईच्या हिरड्यांतूनही रक्त यायला लागलं होतं. मग धावपळ झाली, सलाइन लागलं, आम्हाला बाहेर काढलं. माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. फक्त माझाच आवाज, 'उचल ना'.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला तिसऱ्यांदा घेतलेलं रक्त गोठलं. तरी पुढचे दोन दिवस मी रुग्णालयाच्या व्हरांड्यातून हलले नाही. फक्त घरी जाऊन आंघोळ करून परत यायचे, तेवढंच. अंगठी रुमालाच्या गाठीत बांधून ठेवली होती. ती मी पहिल्याच दिवशी तिच्या नवऱ्याच्या हातात दिली, कारण ती जवळ ठेवणं मला सहन होईना.

चौथ्या दिवशी बाई उशीला टेकून बसली. हात कोपरापर्यंत सुजलेला, काळानिळा. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "मीच सांगितलं होतं तुला ते उचलायला."

"माहीत आहे," ती म्हणाली.

मी तिच्या उशाशी ठेवलेला ग्लास उगाच सरकवला.

"खरं सांगू? दोन दिवस तुझा खूप राग आला होता मला. तू बाहेर बसली आहेस हे कळत होतं, म्हणून मुद्दाम आत बोलावलं नाही."

"आणि आता?"

तिने जरा विचार केला. "आता दुखणं कमी झालंय. रागही कमी झालाय. सगळा गेलाय असं नाही."

तिने खोटं बोलून मला मोकळं केलं नाही याचं मला तेव्हा वाईट वाटलं. आता वाटत नाही.

त्या वर्षी आम्ही पुन्हा कुठे गेलो नाही. बाईचं बोट वाचलं, पण पूर्ण वळत नाही. फळ्यावर ती खडू आता वेगळ्या तऱ्हेने धरते. मला वाटलं, आमचे रविवार संपले. पण यंदा दसऱ्यानंतर तिचाच फोन आला. "मावशी बोलावतायत. गाडी काढतेस ना?"

काढली. मावशी काठी आपटत पुढे, आम्ही तिघी गमबूट घालून मागे. ओहोळाचं पाणी तसंच स्वच्छ होतं, ऊनही छान पडलं होतं. बाई आणि वरची पाण्यात पाय सोडून हसत बसल्या. मी जवळच्या दगडावर बसले, पण बसण्याआधी त्याच्याभोवती दोनदा फिरून आले. परत निघेपर्यंत मला त्यांच्या गप्पांतलं फारसं काही ऐकू आलं नाही. माझं सगळं लक्ष कडेच्या गवताकडे होतं.