बेरूतकाकूचं देऊळ

गावातून कुणी कामधंद्यासाठी बाहेर निघालं की आमच्याकडे बायका त्याच्या हातावर दही ठेवतात, जपून जा म्हणतात. माझी काकू असलं काही करायची नाही. ती बसथांब्यापर्यंत यायची, पिशवी गाडीत चढवायची आणि विचारायची, "वापस आल्यावर काय करशील?" पोरगा गोंधळायचा. अजून जाणंच झालं नाही तर परत येऊन काय करायचं हे कसं सांगणार? "आराम करन काकू," असं कुणी म्हणालाच तर ती फणकारायची, "आराम कराले कायले येतं इथं? आराम तिकडेच कर."

गाव तिला बेरूतकाकू म्हणायचं. माझे काका कुवेतला क्रेन चालवायचे आणि ती तिथल्या एका दवाखान्यात नर्स होती. जन्म बेरूतचा, माणसं आर्मेनियन, नवरा देवरी तालुक्यातला. काका नोकरी संपवून तिला गावी घेऊन आले तेव्हा बायकांनी पहिला प्रश्न जातीचा विचारला. "आर्मेनियन," ती म्हणाली. ही जात कुणी ऐकलेली नव्हती. त्यामुळे ती वरची की खालची हे काही ठरेना, आणि शेवटपर्यंत ठरलं नाही. काकूने त्याचा भरपूर फायदा घेतला. ती कुणाच्याही घरी जेवायची, आणि तिला अडवायचं कोणत्या नियमाने हे कुणाला कळायचं नाही.

आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने आमच्या अंगणात बायकांना मडकं पालथं घालून त्यावर लांब रोटी टाकताना पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला. तिच्या आजीची रोटी अशीच पातळ, अशीच हातावर झुलवून टाकायची. त्या आजीला लहानपणी गाव सोडून पळावं लागलं होतं. ते गाव आता दुसऱ्या देशात आहे, त्याचं नाव बदललंय आणि तिथल्या चर्चमध्ये म्हणे शेळ्या बांधतात. काकूला ते कधी पाहायला मिळालं नाही. म्हणून कुवेतला असताना दर वर्षीची रजा ती आर्मेनियातल्या कुठल्यातरी खेड्यात घालवायची. जगभर विखुरलेली तिच्यासारखी माणसं तिथे जमायची, पडलेल्या चर्चचे दगड लोकांच्या भिंतीतून, गोठ्यातून शोधून आणायची, छप्पर घालायची, शाळा रंगवायची, एकट्या म्हाताऱ्यांना हिवाळ्याची लाकडं फोडून द्यायची. "माह्यं गाव तं मले भेटत नाही," ती म्हणायची, "मंग दुसऱ्याचं काऊन पडू देऊ?"

आमच्या गावात पडायला आलेलं होतं ते तलावाच्या पाळीवरचं, म्हणजे बांधावरचं, महादेवाचं देऊळ. छोटंसं, चुन्याशिवाय नुसत्या दगडावर दगड रचलेलं. उंबराच्या मुळ्यांनी एका बाजूने फुगलेलं. आम्ही ते जन्मापासून पाहत होतो, म्हणजे कधीच पाहिलं नव्हतं.

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडारीचा नाचगाण्याचा खेळ, आणि पुण्या-हैदराबादला गेलेलं प्रत्येक पोर त्या दिवशी घरी येतंच. काकूने त्यांचा फोनवर गट केला आणि मंडईच्या आधी एक दिवस देवळासाठी मागितला. "साफ करा," एवढंच सांगून ती स्वयंपाकाला लागली. पोरांनी मन लावून साफ केलं. शिखरापासून पायापर्यंत चंदेरी ऑइलपेंट मारला आणि ओट्यावर कुणाच्या तरी न्हाणीघरातून उरलेल्या गुलाबी टाइल्स चिकटवल्या. काकू डब्बे घेऊन आली, पाहिलं आणि तिथेच खाली बसली. पोरं कौतुकाची वाट पाहत उभी. "लई मन लावून केलं तुम्ही," ती म्हणाली. "आता काढा."

ते काढायला पुढची मंडई उजाडली. रंग काढायचं औषध, ब्रश, लाकडी पट्ट्या. लोखंड लावलं की ती अंगावर यायची. शिव्या आर्मेनियन भाषेत असायच्या, म्हणून कुणाला लागायच्या नाहीत. शेवटी रंगाखालून हंसांची एक ओळ निघाली. प्रत्येक हंसाची मान वेगळी वळलेली. हैदराबादहून आलेला एक जण त्या ओळीवरून नुसता हात फिरवत राहिला. मी देवरीच्या शाळेत मुलांना इतिहास शिकवते आणि घरापासून हाकेच्या अंतरावर हे हंस आहेत हे मला माहीत नव्हतं. मला त्या दिवशी स्वतःचा नाही, सगळ्या गावाचा राग आला.

देवस्थान कमिटीला मात्र हंसांचं काही नव्हतं. अध्यक्ष पटलेभाऊंना सिमेंटचं मोठं देऊळ हवं होतं, देणगीदारांच्या नावांच्या फरशीसकट. "तू बाहेरची, धर्मानं किरिस्ताव. आमच्या देवळात तुहं काय काम?" असं त्यांनी तिला चारचौघांत विचारलं. काकू म्हणाली, "मी बाहेरची आहो, खरं हाय. हे पोरं बी बाहेर गेलेलेच हायेत. आतल्यांनी केलं नाही, म्हणून आम्ही बाहेरचे करून राहिलो."

पुढच्या उन्हाळ्यात ती आर्मेनियाला गेली असताना कमिटीने जेसीबी आणून देऊळ पाडलं. पिंड उचलून पत्र्याच्या शेडात ठेवली. मग फरशीवर कुणाचं नाव वर यावं यावरून कमिटीतच भांडणं लागली आणि महादेव शेडातच राहिला. दगडांचं काय, ते घरोघरी गेले. कुणी धुण्याला नेला, कुणी गोठ्याच्या पायरीला.

काकू परत आली तेव्हा तिला काय सांगावं या धाकाने मी बसथांब्यावर उभी होते. ती तशीच पाळीवर गेली. रिकाम्या जागेभोवती एक फेरी मारली. म्हणाली, "पाडलं ना? आता कोणता दगड कोणात बसवला होता ते दिसंल." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हातगाडी घेऊन ती पहिल्या दारात उभी राहिली.

दगड मागायची तिची रीत ठरलेली होती. आधी पाणी मागायचं, मग बसायचं, मग त्या घरातलं कोण बाहेरगावी आहे ते विचारायचं आणि तिथेच त्याला फोन लावायचा. "तुह्या घरी महादेवाचा दगड हाय. मायले सांग, दे म्हणा." पोराचं ऐकून आई दगड सोडायची. बदल्यात काकू बाजारातून आणलेला दुसरा धुण्याचा दगड द्यायची. असे दगड पाळीवर जमा झाले आणि छत्तीसगडातून आणलेला पाथरवट ते जमिनीवर जुळवून पाहू लागला.

बौद्ध मोहल्ल्यात शांताबाईंच्या दाराशी देवळाची जुनी पायरी होती. त्या दगडावर बसून राहिल्या, उठल्या नाहीत. "माह्या सासूले या पायरीवर पाय ठेवू देत नव्हते, काकू. लांबून हात जोडा म्हणत. आता आमच्याच दारचा दगड मागाले आल्या तुम्ही?"

काकू त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. "नका देऊ," ती म्हणाली. "माह्या आजीच्या चर्चचे दगड बी कोणीतरी असेच दाबून बसले असंल."

शांताबाईंनी सरकून तिला पायरीवर जागा दिली. मग म्हणाल्या, "देतो. पण या पायरीवर आता जो येईल तो बसंल. देवळात बी जाईल. आम्हाले देवाचं काही नाही, आमचा देव कवाच सुटला. पण अडवणारा कोणी नाही पायजे."

"मंजूर," काकू म्हणाली.

"कमिटीले विचारलं?"

"कमिटी दगड उचलून राहिली का?"

ही अट पटलेभाऊंच्या कानावर गेली आणि तिथे गाडं अडलं. कारण देवळाचा उंबरठा, दोन्ही टोकांना कमळं कोरलेला, त्यांच्या अंगणात होता. त्यांच्या सुनेचं धुणं त्यावर चालायचं. "अट मागं घ्या आणि उंबरठा न्या," त्यांनी निरोप पाठवला. आम्ही सगळे काकूकडे पाहायला लागलो. एका टाइलसाठी पोरांना वर्षभर घासायला लावणारी बाई, जुन्याच्या जागी नवा दगड लावू न देणारी. पाथरवटही म्हणाला, दारच सजणार नाही. काहींना वाटलं, आत्ता हो म्हणावं, अट काय नंतर पाहता येईल. मीसुद्धा तसं सुचवून पाहिलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

"बिना उंबरठ्याचं बांधा," ती म्हणाली. "मी मेल्यावर बी दारात आडवं काही घालू नका."

तशा भिंती चढल्या. हंसांची ओळ बसली, एक हंस अर्धा तुटलेला, तो तसाच ठेवला. शांताबाईंची पायरी त्यांच्याच नातवंडांनी ढकलत आणली. शिखर तेवढं राहिलं, आणि गेल्या माघात काकू तापाने गेली. गोंदियाच्या ख्रिस्ती कब्रस्तानात तिला पुरलं. गावातून ट्रॅक्टर भरून माणसं आली होती. मी रडले, खूप रडले, आणि रडतानाही मला तिचा राग येत होता, की एवढं काम अंगावर टाकून ही खुशाल निघून गेली.

या मंडईला शिखर चढलं. पिंड शेडातून आत नेली. दुपारी पटलेभाऊ ट्रॅक्टरवर उंबरठा घेऊन आले. घासूनपुसून, हार घालून. "काकूच्या आठवणीत देतो," ते म्हणाले. "माही अट-बिट काही नाही. झालं गेलं सोडा." खरं सांगते, कमळं सुंदर होती. पाथरवटाचे हात पुढे झाले. पोरं माझ्याकडे पाहू लागली, आणि मी कमळांकडे पाहत राहिले.

शांताबाई आपल्या पायरीवर बसल्या होत्या. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मंग धुणं कशावर धुवाल, पटलेभाऊ? न्या वापस. इथं त्याची जागा नाही ठेवली तिनं."

पटलेभाऊ ट्रॅक्टरवर चढले. पाळ अरुंद, मंडईची गर्दी दाटलेली, ट्रॅक्टर वळवायला जागा नव्हती. आम्ही सगळे बाजूला झालो आणि त्यांना परत जायला वाट करून दिली.